यकृताच्या पेशीत विषाणू नेमका कुठे?

कावीळ म्हटली की पिवळे डोळे, पिवळी लघवी आणि अन्नावरची उडालेली वासना हे चित्र आपल्यापुढे उभे राहते. पण आपल्याकडे लोकांच्या बोलण्यात एक ‘पांढरी कावीळ’ही आहे. रक्तदानानंतर किंवा एखाद्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्ताची तपासणी होते आणि ‘हेपॅटायटिस बी’ सापडल्याचे सांगितले जाते. माणूस ठणठणीत असतो, कामाला जात असतो, डोळ्यांत पिवळेपणाचा मागमूस नसतो. म्हणून ही पांढरी कावीळ. वैद्यकशास्त्रात असे नाव नाही. पण त्यामागचे निरीक्षण मात्र पक्के आहे. यकृताला घर करून राहिलेला विषाणू आणि तरीही कुरबूर न करणारे यकृत, या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षे पडला होता.

रक्ताच्या तपासणीतून या प्रश्नाचे उत्तर मिळणे कठीण होते. विषाणू शरीरात आहे की नाही, एवढे रक्त सांगते. तो यकृताच्या कोणत्या पेशींत आहे, पेशीच्या कोणत्या भागात आहे आणि त्याच्या शेजारी काय चालले आहे, हे पाहायचे तर यकृतच पाहायला हवे. इथे एक अडचण आहे. हेपॅटायटिस बीचा विषाणू असतो सुमारे ४२ नॅनोमीटर व्यासाचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाख भागांपैकी फक्त ४२ भाग. शाळेतला सूक्ष्मदर्शक घ्या नाहीतर रुग्णालयातला भारी घ्या, साध्या प्रकाशात सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा लहान गोष्ट वेगळी दिसत नाही. मग जे दिसू शकत नाही त्याची जागा दाखवायची कशी? या कामी आली ती आपल्या शरीरातलीच एक वस्तू, प्रतिपिंड.

प्रतिपिंडांना पाठ्यपुस्तकात आपण शरीराचे सैनिक म्हणतो. मुलांना ते आवडते आणि चूकही नाही. पण प्रतिपिंडाचा खरा गुण लढणे हा नसून ओळखणे हा आहे. प्रतिपिंड हे इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचे एक प्रथिन असते. त्याच्या दोन्ही बाहूंच्या टोकांना अशी घडण असते, की एका ठरावीक रेणूचा ठरावीक भागच तिथे घट्ट बसतो. या भागाला किंवा तो धारण करणाऱ्या रेणूला आपण प्रतिजन म्हणतो.

समजा, तालुक्याच्या क्रीडास्पर्धेसाठी मैदानावर हजार मुले जमली आहेत. सगळ्यांचे गणवेश सारखे. त्यांतली एकाच वाडीवरची मुले शोधायची आहेत आणि ती कुठेकुठे उभी आहेत हे आपल्याला शाळेच्या गच्चीवरून पाहायचे आहे. गच्चीवरून चेहरे काही दिसत नाहीत. अशा वेळी काय कराल? त्या वाडीतल्या प्रत्येक पोराला ओळखणाऱ्या आणि दुसऱ्या कुणालाही न ओळखणाऱ्या माणसांना मैदानात पाठवायचे. मात्र त्यांच्या हातात लाल झेंडे द्यायचे आणि सांगायचे, की मूल सापडले की त्याचा हात धरून तिथेच उभे राहा. ज्यांना कुणी सापडले नाही त्यांनी मैदानाबाहेर यायचे. आता गच्चीवरून मुले दिसली नाहीत तरी झेंडे दिसतील. यातला ‘ज्यांना सापडले नाही त्यांनी बाहेर यायचे’ हा भाग सांगायला विसरू नये. प्रयोगशाळेत काचपट्टी धुण्याची जी पायरी असते, ती हीच. आणि ती नीट झाली नाही तर सगळे मैदान झेंड्यांनी भरून जाते.

प्रतिपिंडाच्या हाती झेंडा देण्याची कल्पना अमेरिकन वैद्य अल्बर्ट कून्स यांची. १९३९ च्या उन्हाळ्यात ते बर्लिनमध्ये होते. संधिवाताच्या तापात हृदयात ज्या बारीक गाठी होतात त्यांत जंतूंचा काही अंश खरोखर असतो का, हे कसे पाहावे याचा विचार करताना त्यांना हे सुचले. हार्वर्डला परतल्यावर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूमोनियाच्या जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांना प्रकाशमान होणारा रंग जोडला आणि १९४१ साली ते काम प्रसिद्ध केले. पहिला रंग निळा चमकणारा होता. पण अतिनील प्रकाशात प्राण्याची ऊतीही थोडी निळसर चमकते. निळ्यात निळे कसे ओळखायचे? म्हणून त्यांनी हिरवा चमकणारा फ्लुओरेसीन हा रंग निवडला. या तंत्राच्या इतिहासात ही अडचण पुन्हा पुन्हा भेटते. ऊती कधीच कोरी पाटी नसते, तिचे स्वतःचे रंग आणि स्वतःची रसायने असतात. पुढे यकृताच्या बाबतीत याचा चांगलाच प्रत्यय आला.

एका रेघेपासून सुरुवात

हेपॅटायटिस बीचा शोधही प्रतिपिंडांमुळेच लागला, आणि तोही काविळीचा विचार मनात नसताना. बरूक ब्लूमबर्ग हे माणसामाणसांतील रक्तप्रथिनांचे फरक शोधत होते. ज्यांना वरचेवर दुसऱ्यांचे रक्त द्यावे लागते, अशा रुग्णांच्या शरीरात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असतात. अशा एका हिमोफिलियाच्या रुग्णाचा रक्तद्रव त्यांनी जगभरातून गोळा केलेल्या नमुन्यांशी ताडून पाहिला. अगारच्या थरात दोन खळगे करायचे, एकात हा रक्तद्रव आणि दुसऱ्यात तो नमुना घालायचा. दोन्ही अगारमधून हळूहळू पसरतात आणि प्रतिपिंड व प्रतिजन जिथे गाठ घेतात तिथे साक्याची पांढरी रेघ उमटते. ही रेघ उमटली ती ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या नमुन्यासमोर. म्हणून या अनोळखी प्रतिजनाचे नाव पडले ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’. १९६५ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी असावा असे वाटत होते. पुढे ज्यांच्या रक्तात तो आधी नव्हता त्यांच्यात तो नव्याने दिसला आणि त्याच सुमारास त्यांना यकृतदाहही झाला, अशी उदाहरणे पुढे आली. त्यांत ब्लूमबर्ग यांच्या प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञही होत्या. १९६८ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड प्रिन्स यांनी आणि जपानमध्ये ओकोची व मुराकामी यांनी हा संबंध पक्का केला. ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस आता जागतिक हेपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

ही रेघ वर्गात दाखवता येते, अर्थात रक्ताशिवाय. चायना ग्रास पाण्यात उकळून बशीत त्याचा अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर गोठू द्या. पेनच्या टोपणाने सेंटिमीटरभर अंतरावर दोन खळगे पाडा. एकात कॅल्शियम क्लोराइडचे आणि दुसऱ्यात धुण्याच्या सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने भरून बशी झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी दोघांच्या मधोमध कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा पट्टा दिसेल. एखादे द्रावण दुप्पट पाण्याने पातळ करून पाहिले तर पट्टा कोणत्या बाजूला सरकतो, हे मुलांना आधी ओळखायला सांगावे. इथे प्रतिपिंडे नाहीत, साधे क्षार आहेत, हेही सांगायला हवे. पण न दिसणारे दोन पदार्थ एकमेकांना भेटले की दिसू लागतात, ही गोष्ट मुले एकदा पाहिली की विसरत नाहीत.

यकृताचा तुकडा

आता यकृताकडे येऊ. बरगड्यांच्या मधून एक पोकळ सुई क्षणभर यकृतात घालून धाग्याएवढा तुकडा काढतात. याला बायॉप्सी म्हणतात. जलद सुईची जी पद्धत जगभर पसरली ती इटलीच्या मेंघिनी यांनी १९५८ साली सांगितली. निघणारा तुकडा दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा, म्हणजे सबंध यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागेल.

तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये टाकतात, नाहीतर तो कुजेल. मग त्यातले पाणी काढून टाकून त्यात मेण भरतात आणि मेणाच्या वडीतून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. यकृताची पेशी वीस-तीस मायक्रॉनची. म्हणजे पाव रोटीचे काप करावेत तसे एका पेशीचेच अनेक काप होतात. काप काचपट्टीवर घेऊन मेण विरघळवून काढले, की प्रतिपिंडांचे काम सुरू होते.

समजा, हेपॅटायटिस बीच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सशापासून मिळवली आहेत. ती कापावर घालून थोडा वेळ ठेवायची. ज्यांना आपले प्रतिजन सापडले ती चिकटून राहतात, बाकीची धुऊन जातात. आता आणखी एक प्रतिपिंड घालायचे, जे शेळीत तयार केलेले असते आणि सशाच्या कोणत्याही प्रतिपिंडाला ओळखते. झेंडा या दुसऱ्याच्या हाती असतो. हा द्राविडी प्राणायाम कशाला, असे कुणी विचारील. एक कारण असे, की एका पहिल्या प्रतिपिंडावर दुसरी अनेक बसू शकतात आणि खूण ठळक होते. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. सशापासून मिळवलेली प्रतिपिंडे शेकडो प्रकारची असली तरी झेंडेवाली शेळीची प्रतिपिंडे एकाच प्रकारची तयार ठेवली की काम भागते.

झेंडा म्हणून चमकणारा रंग वापरला तर खास सूक्ष्मदर्शक लागतो, आणि काही दिवसांत चमक विझत जाते. १९६६ साली नाकाने आणि पीअर्स यांनी रंगाऐवजी परॉक्सिडेज हे विकर जोडून दाखवले. विकर स्वतः दिसत नाही. पण त्याला हायड्रोजन परॉक्साइड आणि डायअमायनोबेंझिडीन नावाचे रसायन पुरवले, की त्या जागी न विरघळणारा तपकिरी पदार्थ साचू लागतो. विकराचा एक रेणू असे हजारो रेणू तयार करतो. शेवटी मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या लाकडापासून मिळणाऱ्या हिमॅटॉक्सिलीनने केंद्रके निळी करतात. निळ्या केंद्रकांच्या पार्श्वभूमीवर जिथे तपकिरी, तिथे प्रतिजन. असा काप साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो आणि वर्षानुवर्षे जपून ठेवता येतो.

फॉर्मॅलिनची मात्र एक खोड आहे. ते प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकते, म्हणून ऊती टिकते. पण त्या बांधणीत प्रतिजनाचा ओळखीचा भागही झाकला जातो. बरीच वर्षे यावर चांगला उपाय नव्हता. १९९१ साली शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काप पाण्यात बुडवून मायक्रोवेव्ह भट्टीत तापवले आणि झाकलेली प्रतिजने पुन्हा उघडी पडली. हल्ली कित्येक प्रयोगशाळांत याच कामासाठी चक्क प्रेशर कुकर वापरतात. आमटीसाठी डाळ शिजवण्याचे भांडे विषाणू शोधायलाही उपयोगी पडते, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

यकृताच्या तीन युक्त्या

तपकिरी दिसले म्हणजे विषाणू आहे, असे म्हणून मोकळे होता येत नाही. यकृत या बाबतीत फसवे आहे.

एक तर यकृतात आणि त्यातल्या रक्तपेशींत परॉक्सिडेजसारखे काम करणारे पदार्थ मुळातच असतात. म्हणजे प्रतिपिंड न घालताही तपकिरी रंग येऊ शकतो. (बटाट्याच्या किंवा यकृताच्या तुकड्यावर हायड्रोजन परॉक्साइड टाकल्यावर फसफसते, हा प्रयोग आपण करतोच. तिथे काम करणारे विकर कॅटॅलेज, याच कुळातले.) म्हणून कापावर आधी हायड्रोजन परॉक्साइड घालून ऊतीतले विकर थकवून टाकावे लागते.

दुसरी युक्ती अधिक गमतीची. झेंडा ठळक करण्यासाठी बायोटिन आणि अ‍ॅव्हिडिन या जोडीचा वापर करण्याची पद्धत १९८१ पासून फार लोकप्रिय झाली. अ‍ॅव्हिडिन हे अंड्याच्या पांढऱ्यातले प्रथिन, ते बायोटिन या जीवनसत्त्वाला विलक्षण घट्ट धरते. पण बायोटिनचा साठा शरीरात सर्वांत जास्त कुठे, तर यकृतात आणि मूत्रपिंडात! विशेषतः काप तापवल्यानंतर हे बायोटिन उघडे पडते आणि अ‍ॅव्हिडिन तिथेही जाऊन बसते. मैदानातल्या गोष्टीत सांगायचे तर झेंडे काही मुलांच्या दप्तरात आधीपासूनच होते. म्हणून यकृतासाठी बायोटिनला आधी झाकून टाकतात, किंवा बायोटिन मुळीच न लागणारी नवी पद्धत वापरतात.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे यकृतात तपकिरी रंगाची वाणच नाही. पित्त आहे, साठलेले लोह आहे, वयाबरोबर पेशीत जमणारा लायपोफ्युसिन आहे. हे सगळे पिवळे-तपकिरी.

मग खरे-खोटे कसे करायचे? त्याच यकृताच्या दुसऱ्या कापावर सगळे सोपस्कार तसेच करायचे, फक्त पहिल्या प्रतिपिंडाच्या जागी विषाणूशी संबंध नसलेले सशाचे प्रतिपिंड घालायचे. तिथेही तपकिरी आले, तर पहिल्या कापावरच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. शिवाय विषाणू असल्याचे नक्की माहीत असलेल्या यकृताचा एक काप बरोबर घ्यायचा. तो तपकिरी झाला नाही तर त्या दिवशीची रसायनेच बिघडली आहेत, आणि रुग्णाच्या कापावर रंग नसण्याला अर्थ उरत नाही. विज्ञानाच्या तासाला ‘तुलनेसाठी दुसरी कुंडी’ ठेवायला आपण सांगतो आणि मुले ती एक कंटाळवाणी रीत म्हणून वहीत लिहितात. आमच्या मते ही कुंडी कशासाठी, हे पटवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. इथे ती नसेल तर जीवनसत्त्वालाच विषाणू समजून एखाद्याच्या माथी रोग मारला जाईल.

दोन प्रतिजन, दोन घरे

१९६९ साली मिलमन, ब्लूमबर्ग आणि सहकाऱ्यांनी यकृतदाह झालेल्या रुग्णांच्या यकृतात चमकणाऱ्या प्रतिपिंडांनी ऑस्ट्रेलिया प्रतिजन पाहिल्याचे कळवले. चमक त्यांना दिसली ती पेशींच्या केंद्रकांत. पुढच्या दोन वर्षांत चित्र पालटले. १९७० मध्ये लंडनच्या डेन यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ४२ नॅनोमीटरचा दुहेरी कवचाचा कण दिसला, आणि १९७१ मध्ये जून आल्मेडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी साबणासारख्या द्रव्याने बाहेरचे कवच काढून आतला गाभा वेगळा केला. (माणसाच्या कोरोना विषाणूची पहिली छायाचित्रे १९६० च्या दशकात घेणाऱ्या आल्मेडा त्या याच.) गाभ्याचे प्रथिन निराळे, पृष्ठभागाचे निराळे, आणि दोन्हींविरुद्ध प्रतिपिंडेही निराळी. ऑस्ट्रेलिया प्रतिजन हे पृष्ठभागाचे प्रथिन.

दोन्ही प्रतिपिंडे वेगवेगळी वापरल्यावर यकृतातला मामला स्पष्ट झाला. गाभ्याचा प्रतिजन मुख्यतः केंद्रकात सापडतो, कधी पेशीद्रव्यातही. पृष्ठभागाचा प्रतिजन मात्र केंद्रकाबाहेर, पेशीद्रव्यात किंवा पेशीच्या कडेला. प्रतिपिंड आपल्याला ‘विषाणू’ कधीच दाखवत नाही. विषाणूच्या एखाद्या प्रथिनाचा एखादा भाग दाखवते. कोणता भाग, हे माहीत नसेल तर जागा कळूनही अर्थ लागत नाही. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच भागाला ओळखणारी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी बनवण्याची युक्ती शोधली, तेव्हापासून हा गोंधळ पुष्कळ कमी झाला.

पृष्ठभागाचे प्रथिन हा विषाणू गरजेपेक्षा कितीतरी अधिक बनवून घेतो. रक्तात पूर्ण विषाणूंपेक्षा नुसत्या रिकाम्या कवचांचे २२ नॅनोमीटरचे कण हजारपटीने किंवा त्याहूनही जास्त असतात. यकृताच्या काही पेशी तर या प्रथिनाने इतक्या भरून जातात, की साध्या रंगातही त्यांचे पेशीद्रव्य घासलेल्या काचेसारखे धूसर दिसते. १९७३ साली ग्रीक वैद्य हाद्झियानिस आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की धूसर पेशी आणि पृष्ठभाग-प्रतिजनाने भरलेल्या पेशी एकच. पुढच्याच वर्षी जपानच्या शिकाता यांनी प्रतिपिंडांवाचूनही या पेशी रंगवून दाखवल्या. त्यांनी वापरलेला ऑर्सीन हा रंग लायकेनपासून मिळतो, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या गणगोतातून. जिथे प्रतिपिंडे परवडत नाहीत तिथे हा स्वस्त रंग बरीच वर्षे उपयोगी पडला. मात्र तो फक्त पृष्ठभागाचे प्रथिन दाखवतो, गाभ्याचे नाही.

भरलेल्या पेशी शांत

आता मूळ कोड्याकडे वळू. या कापांतून जे दिसले ते अपेक्षेच्या अगदी उलट होते. ज्याला नुकतीच जोरदार कावीळ झाली आहे, डोळे हळदीसारखे झाले आहेत आणि जो पुढे पूर्ण बरा होणार आहे, त्याच्या यकृताच्या कापात पेशी मरताना दिसतात, लिंफ पेशींची गर्दी दिसते, पण विषाणूचे प्रतिजन सहसा सापडत नाहीत. उलट ज्याला काहीच होत नाही, अशा दीर्घकाळच्या बाधिताच्या यकृतात पेशीच्या पेशी तपकिरी निघतात, आणि त्यांच्या आसपास दाहाचे चिन्हही नसते! पांढऱ्या काविळीचे कोडे ते हेच.

बाझेलचे गुडाट आणि बियांकी यांनी १९७५ मध्ये याचा अर्थ लावला. कापातली प्रतिजनांची मांडणी ही त्या माणसाच्या प्रतिकारशक्तीचा आरसा आहे. विषाणू स्वतः पेशीला मारत नाही. त्याला पेशी जिवंतच हवी असते. पेशी मारतात त्या आपल्याच लिंफ पेशी, विषाणूग्रस्त पेशी ओळखून. प्रतिकार जोरात झाला की बाधित पेशी वेगाने नाहीशा होतात, काही मरून तर काही विषाणूमुक्त होऊन; कावीळ होते, आणि तुकडा काढेपर्यंत रंगवायला फारसे काही उरत नाही. प्रतिकार झालाच नाही तर गाभ्याचा प्रतिजन असंख्य केंद्रकांत दिसतो आणि यकृत शांत असते. सर्वांत वाईट अवस्था मधली. प्रतिकार आहे पण अपुरा; पेशी थोड्या थोड्या मरत राहतात, जागी तंतू भरत जातात, आणि काही दशकांनी सिऱ्होसिस किंवा यकृताचा कर्करोग होऊ शकतो. १९९५ साली कॅलिफोर्नियात फ्रान्सिस चिसारी यांच्या प्रयोगशाळेने याला वेगळ्या वाटेने पुष्टी दिली. विषाणूची सगळी जनुके ज्यांच्या अंगी जन्मापासून घातली आहेत, अशा उंदरांच्या यकृतात विषाणू भरपूर तयार झाला, पण यकृत बिघडले नाही, कारण त्या उंदरांना हा विषाणू परका वाटतच नव्हता.

हीच गोष्ट तान्ह्या मुलांच्या बाबतीत घडते. प्रौढ वयात हा विषाणू शिरला तर शंभरांतल्या पाचांहून कमी जणांत तो कायमचा राहतो. जन्मताना आईकडून शिरला तर शंभरांतल्या सुमारे नव्वद मुलांत तो राहतो, आणि त्यांना कावीळ बहुधा होतच नाही. बाळ रडत नाही, पिवळे पडत नाही, आईबापांना काही कळत नाही. म्हणून लसीची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते; ‘सव्वा महिन्यानंतर बघू’ म्हणून चालत नाही. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात ही लस २००२-०३ मध्ये काही भागांत आणि २०११ पासून देशभर आली. त्याआधी जन्मलेले बहुतेकजण, म्हणजे आजचे बरेचसे शिक्षकही, या कार्यक्रमाबाहेरचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये जगात २५ कोटी ४० लाख लोकांत हा विषाणू दीर्घकाळ वस्तीला होता, त्यांपैकी सुमारे २ कोटी ९८ लाख भारतात.

रंगवलेल्या कापाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तुकडा यकृताचा पन्नास हजारावा भाग, आणि बाधित पेशी सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात. त्यामुळे ‘रंग नाही’ म्हणजे ‘विषाणू नाही’ असे होत नाही. विषाणूचा डीएनए केंद्रकात एका लहानशा गोल साखळीच्या रूपाने दडून राहतो. तो प्रथिन नाही, म्हणून या प्रतिपिंडांना दिसत नाही. आजची औषधे विषाणूची वाढ उत्तम रोखतात पण ही साखळी सहसा नष्ट करू शकत नाहीत, म्हणून ती बहुधा वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. रक्तातील विषाणूचा डीएनए मोजण्याच्या चाचण्या आल्यापासून आणि यकृताचा कडकपणा बाहेरून मोजता येऊ लागल्यापासून सुई घालण्याची वेळ पूर्वीइतकी येत नाही. यकृत बिघडण्याची दोन-तीन कारणे एकाच माणसात असतील आणि खरे दोषी कोण ते ठरवायचे असेल, किंवा बदललेले यकृत पुन्हा बिघडू लागले असेल, तेव्हा मात्र तपकिरी काप अजूनही उपयोगी पडतो.

वर्गातल्या एखाद्या मुलाच्या रक्तात हा विषाणू असल्याचे कळले, तर शेजारी बसण्याने, डबा वाटून खाण्याने, खेळण्याने तो पसरत नाही, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. तो पसरतो रक्तातून, लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळाला. गुडघा फुटला तर रक्त हातमोजे घालून पुसावे. पण ही काळजी प्रत्येक मुलाच्या बाबतीत घ्यायची असते, एकाला निवडून नव्हे. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत याची तपासणी आणि उपचार मोफत मिळतात.

लस घेतलेल्यांना पुष्कळदा एक शंका पडते. लसीनंतर रक्तात प्रतिपिंडे सापडतात, मग तपासणीत आपण रोगी ठरणार का? लसीत असते ते फक्त पृष्ठभागाचे प्रथिन, यीस्टच्या पेशींकडून बनवून घेतलेले. कापात पेशीद्रव्य तपकिरी करणारे ते हेच. त्यामुळे लस घेतलेल्याच्या रक्तात केवळ पृष्ठभागाविरुद्धची प्रतिपिंडे असतात. गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडे असायला गाभा शरीरात आलेला असावा लागतो, आणि तो खऱ्या विषाणूबरोबरच येतो. रक्ताच्या अहवालात या दोन ओळी वेगळ्या छापलेल्या असतात.